पत्र्याखालची माणसं

नसीमआपा खुर्चीला पाठ टेकवून बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. लातूरला क्लासेसच्या गल्लीत त्यांचं नेट आणि झेरॉक्सचं दुकान होतं. बसायच्या खुर्चीच्या कडेवर, पायात चपला, तोंड दाराकडे. रस्त्यानं जड ट्रक गेला तरी उठून उभ्या राहायच्या. भूकंपात घर अंगावर आलं, तेव्हापासूनची ही सवय. "पाठ टेकली की झोप लागते, बाबा," एवढंच म्हणायच्या.

मी बिलोलीकडचा, नववीतून शाळा सुटलेला. क्लासच्या पोरांना खानावळीचे डबे पोचवायचो आणि दुपारी आपांच्या पंख्याखाली टेकायचो. त्यांनी कधी ऊठ म्हटलं नाही.

नेपाळला भूकंप झाला, त्या आठवड्यात आपांनी एक कॉम्प्युटर गिऱ्हाइकाला देणंच बंद केलं. एका पोरानं त्यांना दाखवलं होतं, की तिथल्या डोंगरांचे आभाळातून काढलेले फोटो नेटवर येतात. त्यात दिसेल त्या घराभोवती चौकोन काढायचा. त्यातून नकाशा तयार होतो आणि मदत नेणाऱ्यांना वस्ती कुठं आहे ते कळतं. पैसा लागत नाही.

"डबेवाले, बस. माउस धर."

"आपा, मला इंग्लिश कुठं येतं?"

"घर वळखता येतं ना? मग झालं."

मेडिकलची तयारी करणारं एक पोरगं हसलं, "याचं सर्टिफिकेट मिळतं का, आपा?"

"मिळंल की. आधी खुर्ची रिकामी कर."

मधूनच माउस त्या घ्यायच्या, आणि बोलताना त्यांचा हात थांबत नसे. "आमची वस्ती सडकेपासून आत. भूकंप झाल्यावर मदतीच्या धान्याचे ट्रक सडकेवरच्या गावात रिकामे व्हायचे अन् माघारी जायचे. आत माणसं हायत, हे कुणाला ठावंच न्हाई. अब्बा सडकेवर आडवे झोपले, तवा एक ट्रक आत आला."

म्हणून आम्ही दिसेल त्या छपराला चौकोन काढत सुटलो. घर, गोठा, पत्रा, काही सोडलं नाही. मग परदेशातल्या कुण्या तपासणाऱ्याचा निरोप आला. मेडिकलवाल्या त्या पोरानं वाचून दाखवला : गोठे आणि शेड घर म्हणून दाखवू नका, पुसून टाकतो आहे.

आपा उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "पत्र्याच्या शेडमधी आम्ही वर्सं काढली. माझं लगीन तिथंच झालं. लिही त्याला. घर पडल्यावर माणूस जाईल कुठं?"

पोरगं आता हसत नव्हतं. त्यानं इंग्लिशमध्ये लिहून पाठवलं. आपांनी दिवसभर डबा उघडला नाही. "आलं का? बघ की, आलं का?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चौकोन परत दिसायला लागले, आणि काम करणाऱ्या सगळ्यांना सूचना होती : शेड वगळू नका, आत माणसं असू शकतात.

मला वाटलं, आता तरी आपा पाठ टेकतील. त्या म्हणाल्या, "चल, पुढचा डोंगर घे."

आता मी बेंगळुरूला, इमारतीच्या कामावर. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतून फोन आला, आपा गेल्या. झोपेतच. त्या दिवशी हाताला काम सुचेना. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तो नकाशा उघडला. आजूबाजूच्या सगळ्या इमारती त्यात होत्या. आम्ही मजूर राहतो ती पत्र्याच्या खोल्यांची रांग फोटोत चमकत होती, पण नकाशावर ती जागा कोरी होती.

मी पहिला चौकोन आमच्या खोलीभोवती काढला. मग शेजारच्या, मग त्यापुढच्या. कुणी पुसले, तर पुन्हा काढीन.