कुत्र्याने दाखवलेलं दार

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता नीट आठवत नाहीत. पण श्वानपथकाचं ते कुत्रं एका शिक्षकाच्या ओट्यासमोर येऊन बसलं आणि मागून चाललेलं सगळं गाव तिथंच थांबलं, तो क्षण काही केल्या जात नाही.

सोनईच्या बाजूचं गाव. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सप्ताहाचा काला झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुजाऱ्याला गाभाऱ्याचं कुलूप तुटलेलं दिसलं. ग्रामदैवताचा चांदीचा मुखवटा गेला होता. फिर्याद घेतली, पंचनामा केला. ठसे कामाचे मिळाले नाहीत. देवळामागे एक जाड, चौकडीची चादर सापडली. कुलूप तोडताना आवाज होऊ नये म्हणून ती गुंडाळली असावी, कारण तिला लोखंडाचे ओरखडे होते.

गावाने श्वानपथकाचा हट्ट धरला. चादरीचा वास दिल्यावर कुत्रं डांबरी रस्त्यापर्यंत गेलं, घुटमळलं, मागे फिरलं आणि गल्लीतून थेट सरांच्या दारात जाऊन बसलं.

हे सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. देवळाची घंटा त्यांनी कधी वाजवली नव्हती आणि ते ही गोष्ट लपवतही नसत.

"कुत्रं खोटं बोलत न्हाई, साहेब. घ्या आत," सरपंच म्हणाले.

"माणूस काय बोलतो तेही ऐकू," मी म्हणालो.

मागून कोणीतरी ओरडलं, "देव न्हाई म्हनत हुता ना? मंग देवाचं तोंड कशाला लागलं त्याला?"

लोक हसले. सरांची पत्नी दारात उभी होती. ती कोणाकडेच बघत नव्हती.

ठाण्यात आणलेला माणूस बहुधा दोनपैकी एक करतो, फार बोलतो किंवा अजिबात बोलत नाही. सरांनी चहा घेतला आणि विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं.

"चादर माझीच. सप्ताहाला बाहेरची माणसं येतात, त्यांच्यासाठी पोरं घरोघर अंथरूण-पांघरूण गोळा करतात. आम्ही दरवर्षी देतो. कीर्तन ऐकायचं की नाही हे माझं मी ठरवीन, पण पाहुणा थंडीत का झोपावा?"

"मग कुत्रं चुकलं?"

"नाही साहेब. त्याने वास बरोबर ओळखला. तो पुरावा खराच आहे. त्यावरून मला चोर ठरवणं हा गावाचा अंदाज आहे. अंदाज तपासायचा असतो. नवा पुरावा आला की सोडून द्यायचा असतो. वर्गात मी दुसरं काय शिकवतो?"

आता प्रश्न एवढाच होता की ती चादर सप्ताहात कोणी पांघरली. सप्ताह समितीतल्या एकालाही आठवेना. आठवत नव्हतं असं नाही. चोर बाहेरचा निघाला तर त्याला आणलं कोणी, हे पुढं येणार होतं. सर चोर असणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

खबर दिली सप्ताहात स्वयंपाक केलेल्या आचाऱ्यानं. तो शेवगावला एका लग्नाच्या पंगतीचं काम करत होता. तिथं जाऊन भेटलो, तेव्हा भट्टीपासून बाजूला येऊन हळूच म्हणाला, "माझं नाव घेऊ नका. ती चौकडीची चादर सप्ताहाच्या स्पीकरवाल्याकडं हुती. मीच दिल्ती त्याला. पहाटं टेम्पो घिऊन गेला त्यो, चहाला बी थांबला न्हाई."

स्पीकरवाल्याला ताब्यात घेतलं. आधी त्याने देवाच्या शपथा घेतल्या. मी चादर समोर ठेवली आणि सप्ताहात तो कुठे झोपला, काय पांघरलं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. दुपारी तो मोडला. पंचांसमक्ष त्याने स्पीकरचं खोकं उघडून दिलं. मुखवटा आत होता, अगदी शाबूत. चोर टेम्पोतून गेल्याने त्याचा माग रस्त्यावर संपला होता. कुत्र्याला उरला तो चादरीच्या मालकाचा वास.

मला वाटलं, प्रकरण संपलं.

मुखवटा परत बसवला त्या दिवशी मी पारावर सगळं समजावून सांगितलं. चादर, पांघरूण, टेम्पो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सरपंच म्हणाले, "चोर घावला, लई झाक झालं. पन सर त्याला सामील न्हवतेच, हे सिद्ध झालं का?"

"सामील असल्याचा काडीचा पुरावा नाही."

"पुरावा न्हाई म्हंजे न्हवतेच, असं न्हाई ना? माझं पोरगं सरांकडंच शिकतं. सरच सांगत्यात वर्गात, शास्त्रात शेवटचं सिद्ध असं काय नसतंय. उद्या नवीन काय बी निघू शकतं."

पारावरची माणसं माना डोलावू लागली. जे वाक्य माणसाला शंका घ्यायला शिकवण्यासाठी होतं, त्याचाच त्यांनी दगड केला होता. आपल्या अंदाजावर त्यांना तसूभर शंका नव्हती. सगळी शंका त्या एका माणसासाठी राखून ठेवली होती.

सर ठाण्यात आले. म्हणाले, "साहेब, हा माणूस निर्दोष आहे, एवढं एक वाक्य लिहून द्याल?"

मी दोषारोपपत्रातली ओळ दाखवली. सहभागाचा पुरावा आढळून आला नाही. कायदा मला त्यापुढे जाऊ देत नव्हता.

त्यांनी ती दोनदा वाचली. "बरोबर आहे," म्हणाले. "मीसुद्धा याहून जास्त लिहिलं नसतं."

चोराला शिक्षा झाली. गावाच्या मनातला खटला मात्र कुठल्याच न्यायालयात चालला नाही, आणि त्याचा निकाल आधीच लागलेला होता. तपासाने गुन्हेगार शोधता येतो. ज्याला आपलं मत पुराव्याहून प्रिय आहे, त्याच्यापुढे मुखवटा ठेवा, चादर ठेवा, कबुली ठेवा, तो तुमच्या प्रामाणिकपणातलीच फट शोधतो. सप्ताहाला माणसं देवासाठी जमतात असं म्हणतात. मी तिथे काय जमलेलं पाहिलं ते मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी त्याच सप्ताहाच्या बंदोबस्ताला मी होतो. अंथरूण गोळा करणारी पोरं गल्लीतून आली. त्यातले बहुतेक सरांचेच विद्यार्थी. सरांच्या पत्नीने ओट्यावर नवी चादर घडी करून ठेवली होती. जुनी अजून मुद्देमालात होती. सर शेजारी उभे होते.

पोरांनी अलीकडच्या घरातून सतरंजी घेतली आणि मग थेट पलीकडच्या घराची कडी वाजवली.