देखो सरांची परवानगी

देखो सरांना आमच्या ऑफिसातलं कुठलंही कुलूप उघडता येत होतं, आणि तरी विचारल्याशिवाय ते काही उघडत नसत. माझा कॉम्प्युटर अडला तरी आधी टेबलापाशी उभे राहत, "बसू का?" म्हणून विचारत, आणि मी मान हलवल्यावरच माउसला हात लावत. कुलूप म्हणजे अर्थात कॉम्प्युटरमधलं. बऱ्हाणपुरातल्या एका कापड कारखान्यात आम्ही कामाला होतो. कुठल्या मागावर किती कापड निघालं, कुठला माग बंद पडला, सूत किती उरलं, असे रोजचे रिपोर्ट एका सर्व्हरवर साठत. ते कुणी नुसते बघायचे, कुणी बदलायचे आणि कुणाला दिसूच द्यायचे नाहीत, ही सगळी व्यवस्था सरांकडे होती.

त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कुणी परवानगी मागायला आलं की ते म्हणत, "देखो, पर सिर्फ देखो." रिपोर्ट बघा, हात लावू नका. शहरातल्याच लोधीपुऱ्यात वाढलेला माणूस; घरात मराठी, बाजारात हिंदी आणि ऑफिसात दोन्ही एकाच वाक्यात. एकदा विणाई खात्याचे सुपरवायझर वैतागून म्हणाले, "सर, तुम्ही घरी जेवायला बोलावलं तरी ताट पुढे ठेवून म्हणाल, सिर्फ देखो." सर पोटभर हसले. परवानगी मात्र होती तेवढीच ठेवली.

मी जवळच्याच जसोंडी गावची. वडिलांची केळीची शेती, आणि आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिलीच. सर्व्हरवर प्रत्येकाला 'माय रिपोर्ट्स' नावाचा स्वतःचा फोल्डर मिळत असे. माझ्या पडद्यावर तो दिसला तेव्हा मला वाटलं, फोल्डर सरांनी बनवलाय, म्हणजे 'माय' म्हणणारे सरच. मी त्याला हात लावला नाही. माझं कच्चं काम सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवत गेले आणि कुणी ना कुणी त्यावर आपलं काम चढवत गेलं. शेवटी रडकुंडीला येऊन सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसू येत होतं ते त्यांनी रुमालाने पुसल्यासारखं केलं.

"बेटा, ज्याच्या पडद्यावर दिसतो त्याचाच तो. तुझ्या पडद्यावर माय म्हणजे तू."

आमच्या घरी वेणीच्या रिबिनीसुद्धा बहिणीबरोबर वाटून घ्यायच्या असत. फक्त माझं असं काही असू शकतं, हे मला त्या दिवशी एका फोल्डरने कळलं.

त्याच वर्षी भावाच्या लग्नासाठी मी रजेवर होते. मांडवात हळदीची गडबड चालू असताना सरांचा फोन आला. मोठ्या साहेबांना मी करत असलेला एक रिपोर्ट तातडीने हवा होता आणि तो माझ्या फोल्डरमध्ये होता. सर म्हणाले, "तुझ्या फोल्डरमध्ये जाऊ का?" बँडच्या आवाजात मी ओरडूनच म्हटलं, "सर, तुम्हाला तर सगळंच उघडतं."

"उघडतं. म्हणूनच विचारतोय."

मी हो म्हटलं. वडील शेजारीच उभे होते. कोण होतं, काय विचारत होतं, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग पाहुण्यारावळ्यांत ते एवढंच सांगत फिरले की पोरीचे साहेब तिला विचारून आत जातात.

सरांच्या निवृत्तीच्या आधी त्यांचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर ते माझ्याजवळ आले. "आता माझं नाव काढ." मी म्हटलं, राहू द्या की सर, उद्या काढते. ते म्हणाले, माणूस गेला की त्याचं नाव सर्व्हरवर ठेवायचं नाही, आजच काढ. मी काढलं. मग त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर रोजचा रिपोर्ट उघडून पाहिला. आपल्याला परवानगी नाही, अशी ओळ आली. ती ओळ त्यांनी पुरी वाचली, चष्मा खिशात ठेवला आणि उठले.

पुढे ते मुलाकडे सुरतेला गेले. तेही बऱ्हाणपुरासारखं तापीच्याच काठी, पण तिथे ओळखीचं कुणी नाही. एका सकाळी त्यांचा फोन आला. सुनेचं, नातवाचं सांगून झालं. मग आवाज खाली आला.

"सकाळचा रिपोर्ट आला असेल ना? या वेळेला हात आपोआप तिकडे जातो गं. एकदा बघायला मिळेल का? सिर्फ देखना है."

एक क्लिक करायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. माझा हात माउसवर होता.

"सर, नाही देता येणार."

"हां," ते म्हणाले. "नाहीच देता येणार." मग त्यांनी आमच्या केळीची चौकशी केली, यंदा गरम वाऱ्याने पानं फाटली का म्हणून विचारलं. रिपोर्टचं नाव पुन्हा कधीच काढलं नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ मलाही तो रिपोर्ट उघडवेना.

आता अधूनमधून सकाळी मीच त्यांना फोन लावते. बोलता बोलता खिडकीपाशी जाते. खिडकीखालीच मागांची शेड आहे. खडखडाट त्यांच्यापर्यंत पोचतो तसे सर बोलायचे थांबतात. परवा बऱ्याच वेळाने म्हणाले, "आज माग कमी चालताहेत, नाही का?"

मी फोन तेवढा खिडकीबाहेर धरला.