माझ्याच गाठीचा निकाल

"लिम्फोमा!" मी खणखणीत आवाजात म्हणालो. "नमुना असावा तर असा!" आणि विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाभोवती बोलावून ती काच एकेकाला दाखवली. लिम्फोमा म्हणजे मान, काख, जांघ इथल्या लसिकाग्रंथींचा कर्करोग. काचेवर नाव होतं किन्हीराजा गावच्या एका शेतकऱ्याचं. हा शेतकरी कधी जन्मलाच नव्हता. गाठ माझी होती.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. नागपूरला मी लिम्फोसाइटवर संशोधन करत होतो. लिम्फोसाइट म्हणजे रक्तातली छोटी, गोल, पांढरी पेशी. तेव्हाची पुस्तकं सांगत की ही पेशी काही करतच नाही. मला ते पटत नसे. शरीर एवढ्या पेशींना नुसतं बसवून खायला घालील? मी उंदरांच्या गाठी कापून तिचा उद्योग शोधत होतो.

दिवाळीत कारंज्याला घरी गेलो, तर दाढी करताना मानेवर हाताला गाठ लागली. दुखत नव्हती. थोरल्या भावानं, दादानं, मला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बायॉप्सी केली, म्हणजे तपासणीसाठी गाठ काढली, आणि म्हणाले, "गंडमाळ दिसते. क्षयाची. औषध घ्या, बरे व्हाल." मी खूश! उंदरांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला मी, पण स्वतःच्या मानेपुरती विज्ञानाला सुट्टी देऊन टाकली.

दाराआड डॉक्टरांनी दादाला खरी शंका सांगितली होती. पण अशा गाठीची काच तपासून निदान पक्कं करणारा माणूस त्या भागात एकच, आणि तो मी. मग दोघांनी मिळून तो शेतकरी जन्माला घातला आणि माझी गाठ त्याच्या नावानं माझ्याकडेच पाठवली.

निकाल ऐकायला दादा नागपूरला आला. प्रयोगशाळेत उभ्या उभ्या म्हणाला, "शामू, त्या किन्हीराजावाल्याचं काय निंगालं रे?"

"लिम्फोमा. सालभर काढलं तरी लय झालं."

दादानं घाईनं दार लोटलं. "अबे, हळू बोल नं."

"काहून? तो काय इथं ऐकून राह्यला?"

"हो," दादा म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

मला रडू आलं नाही. संताप आला. काचा फोडाव्यात असा. मान माझी, मरण माझं, आणि बातमी गावभर! दादा एकेक कबूल करत गेला: वहिनीला माहीत, शेजाऱ्यांना माहीत. मी कारंज्याहून निघालो तेव्हा दूधवाला माझ्या पाया पडला होता. मी म्हटलं होतं, काय संस्कारी माणूस!

"तुयं मन खचलं असतं," दादा म्हणाला.

खचू दे ना! माझं मन आहे, खचलं तर मीच उचलीन! तुमच्या घरी असा कुणी आजारी असेल, तर त्याची बातमी आधी त्याला द्या. तो तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या.

मुंबईच्या रुग्णालयात रेडिएशन सुरू झालं, म्हणजे क्ष-किरणांनी गाठी जाळणं. तोंड कोरडं पडे, घास उतरत नसे. दादा सोबत होता. मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

रांगेत शेजारी कामरगावचे नामदेवराव असत. मानेवर तशीच गाठ. त्यांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन बजावलं, "भाऊ, यायले काही सांगू नका. यायले वाटते, वातानं सूज आली."

ती पाणी आणायला गेली. नामदेवराव माझ्याकडे झुकले. "मले मालूम हाय कोनती बिमारी हाय ते. पन तिले वाटते मले मालूम नाही. तिचं मन कायले मोडू?"

माझं डोकंच फिरलं. ती परतताच मी उठून भर रांगेत ओरडलो, "बाई, यायले सारं मालूम हाय! आन् नामदेवराव, हिलेबी!"

सगळी रांग वळून बघू लागली. दादा माझा सदरा ओढत होता. बाईनं लोटा खाली ठेवला. मग नवऱ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "मंग इतके दिस अलग अलग काहून रडून राह्यलो होतो आपन?"

दादानं सदरा सोडला. मी खाली बसलो आणि सरकून त्याला बाकावर जागा दिली.

माझा आजार मानेपुरताच होता, म्हणून मी वाचलो. त्या 'आळशी' पेशीवर पुन्हा कामाला लागलो. ती शरीराची राखणदार आहे हे पुढं जगाला कळलं. क्ष-किरणांचे आणि दादाचे उपकार आहेतच. कारंज्याच्या त्या डॉक्टरांवरचा राग अजून गेलेला नाही.

नामदेवराव मात्र उन्हाळ्यात गेले. त्यांची बायको कारंज्याच्या बाजारात दादाला भेटली, तेव्हा तिनं माझ्यासाठी निरोप दिला.

"भाऊले सांगजा, ते जायेपर्यंत लय बोललो आमी."