रस्त्यावर विकलेली साडी

मुखेडच्या बाजारात अजूनही एखादी बाई माझ्या पालासमोर थांबते, साडीचा काठ बोटांत धरते आणि शेजारणीला हळूच म्हणते, "हीच ती. पोरगी मरून राहिली होती अन् हिनं साडी विकली." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी, असंही माझ्याबद्दल बोललं गेलं आहे. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण या एका गोष्टीवर आजवर गप्प राहिले. साडी मी विकली. भावही केला. पैसे घेतले ते परत दिले नाहीत, आणि देणारही नाही.

लातूरहून माल आणून, गाठोडं डोक्यावर घेऊन मी धंदा सुरू केला. आता छोटा टेम्पो आहे. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तो चालवतात आणि आम्ही मुखेड, कंधार, हदगाव असे आठवडी बाजार करतो. भाव करण्यात मला सहसा कुणी हरवत नाही. त्या दिवशी मात्र एका म्हातारीने घाम फोडला. सोबत तिची सून होती. वीसेक साड्या उलगडायला लावल्या, शेवटी एका हिरव्या साडीवर हात ठेवला. मी साडेआठशे म्हटलं, ती पाचशे. मी साडेसहाशेपर्यंत उतरले. ती पाचशेवरच. मग लुगडं झटकून उभी राहिली.

"याच्यापरीस भारी साडी उदगीरला पाचशेत भेटती."

"मग जावा की उदगीरला! मला कामून तंगवता?"

ती गेली. सून पदर सावरत तिच्या मागे गेली. मी रागारागाने घड्या घालत बसले.

चारच्या सुमाराला पाल उतरवून आम्ही कंधारच्या बाजूला निघालो. सात-आठ किलोमीटरवर, वळणापाशी एक पिकअप आडवी झालेली दिसली. खतं-औषधांच्या दुकानाचा माल होता. सोयाबीन-कापसाच्या फवारणीचे दिवस, त्यामुळे ड्रम आणि खोकी खचाखच. आमच्याकडे अशा गाडीत माल एकटा जात नाही. गावाकडची माणसं चढतात. वयस्कर केबिनमध्ये, तरणी मागे, मालावर.

टेम्पोची काच खाली होती. औषधाचा तो वास नाकात गेला आणि जीभ कडू झाली.

"मागं घ्या," मी ओरडले, "मागं घ्या गाडी! वारा आपल्याकडं येऊन राहिलाय!"

"अगं, माणसं असतील त्यात..."

"म्हणून तर म्हणते. शेताच्या वाटेनं पल्याड चला, वाऱ्याच्या पाठीकडून."

मालकांनी वाद घातला नाही. मला हे कुठून माहीत, ते त्यांना ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ हदगावकडे कापसावर रोजाने फवारणी करायचा. एकदा पाठीवरचा पंप गळून त्याचा सदरा ओलाचिंब झाला. घरी आला तेव्हा चक्कर येत होती. आम्ही त्याला लिंबाखाली निजवलं, ताक पाजलं, मी पदराने वारा घालत बसले. दोन तासांनी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने आधी कात्रीने सदरा कापून काढला आणि माझ्यावर खेकसली, "अंगावर विष ठेवून ताक पाजत बसलात?" भाऊ वाचला नाही. मी वारा घालत होते तेव्हा सदऱ्यातलं औषध त्याच्या कातडीत शिरत होतं.

पलीकडे पोचलो तर जत्रा भरलेली. महागाचं औषध वाया जातंय म्हणून दोघं-तिघं बाटल्या भरत होते. एकाने विडी पेटवली होती. पिकअपचा ड्रायव्हर कपाळावर रुमाल धरून फोनवर दुकानदाराला कोणते ड्रम फुटले ते सांगत होता. मी विडीवाल्याच्या हातावर चापट मारली. "पेटलं तर तुझी राखबी भेटायची न्हाई!" बाटल्यावाल्यांना शिव्या घातल्या. मालकांनी एकशे आठला फोन लावला आणि औषध गळून गेलंय हे आधी सांगितलं. ड्रमवरच्या चिठ्ठीचा फोटो मी लांबूनच, मोठा करून काढला.

आणि मग बाजारातली ती सून दिसली. रस्त्याकडेच्या दगडावर बसलेली. कमरेपासून खाली साडी पिवळट औषधाने भिजून पायांना चिकटली होती. डोक्यावरचा पदर मात्र जागेवर. सासू शेजारी उभी, केबिनमध्ये बसल्यामुळे कोरडी ठणठणीत.

"साडी काढ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

पोरीने पदर आणखी पुढे ओढला. "मला काय बी न्हाई झालं, मावशी. वाळंल उन्हात."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, दूध पाजा. मी म्हटलं, "कुणी एक थेंब जरी पाजला तर हात मोडीन."

सासू मध्ये आली. "तू गं कोण सांगणारी? भर रस्त्यात माझ्या सुनेला उघडी करतीस? एवढे बाप्ये उभे हायत!"

"बाप्ये बघतील तर बघतील! मेल्यावर झाकून ठेवशील का?"

हे बोलायला नको होतं. ती चिडली, मी तिच्याहून चिडले. बाजारातला राग तिथे ओकला, चिकट म्हातारी, काळीज नसलेली, जे तोंडाला येईल ते. त्या भांडणात चार-पाच मिनिटं गेली. लोक साडीबद्दल मला बोल लावतात. लावायचाच असेल तर या मिनिटांचा लावावा, मी मान खाली घालून ऐकून घेईन.

पोरीच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या तेव्हा मी भानावर आले. टेम्पोतून ती हिरवी साडी ओढून काढली. "ही घ्या, आजी. फुकट. नेसवा तिला."

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. "आम्ही काय भिकारी हाव का? चार माणसांत दान करतीस!"

आणि मला उमगलं. अहो, मी काय नवखी होते? फुकटच्या मालाला गिऱ्हाईक हात लावत नाही, त्यात खोट शोधतं. आणि मानी माणसाला चारचौघांत फुकट दिलं तर ते उलट मागे सरतं. मी साडी काखेत मारली आणि टेम्पोकडे वळले.

"बरं, फुकट न्हाई. सहाशे."

मागून ताबडतोब आवाज आला, "पाचशे."

"साडेपाचशे. पर आत्ताच, हितंच नेसवायची. घरी न्यायची न्हाई."

"पाचशे!"

"द्या."

तिने कमरेची चंची सोडली आणि नोट माझ्या हातावर आपटली. साडी तिच्या हातात गेली. जिंकून घेतलेला माल होता तो, आता माझं काहीच उरलं नव्हतं. ती सुनेवर खेकसली, "ऊठ गं! काढ ते! नवीन घेतलीया तुला!"

मागे एक एसटी थांबली होती. तिच्यातल्या बायांना मी हाका मारल्या, गाठोड्यातल्या सहा साड्या सोडल्या, आणि त्यांनी चारी बाजूंनी धरून आडोसा केला. साड्या ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांत येतात त्या मी हातांवर चढवून मनगटाला दोरा बांधला. सासूच्या हातांवरही चढवल्या. पोरीची ओली साडी काठीने ओढून बाजूला केली. टेम्पोतला पाण्याचा जार आणि साबण होता. जार संपल्यावर जवळच्या शेतातल्या मोटारीचा पाइप आला. शेतकरी लांबून ओरडत होता, "पाणी माझ्या विहिरीकडं सोडू नका!" त्याचं खरं होतं. मालकांनी फावड्याने मातीचा बांध घातला. मी आणि सासू पोरीला साबण लावत होतो, पाय, मांड्या, नखांच्या फटी, पुन्हा पुन्हा. म्हातारी चोळता चोळता रडत होती, आणि रडता रडता मला सांगत होती, "नीट चोळ की. हात न्हाईत का तुला?"

एकशे आठची गाडी आली तेव्हा पोरगी हिरव्या साडीत होती आणि तिला उलटी होत होती. चिठ्ठीचा फोटो बघून गाडीतल्या डॉक्टरने जागेवरच सुई दिली. तिला नांदेडला सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी माझंही डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे धुकं आलं, म्हणून मालकांनी मलाही तिथेच आणलं. म्हणजे पिशव्या घालूनही थोडं लागलंच होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "कपडे कुणी बदलले हिचे?"

सासू चटकन म्हणाली, "म्या. नवी साडी घेऊन नेसवली."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत. ओल्यात राहिली असती तर अवघड होतं." मी उत्तर गिळलं. गावात बातमी गेली ती अशी, की सासूने सुनेला वाचवलं आणि साडीवालीने त्यात पाचशे कमावले.

तीन दिवस पोरीच्या नाकाला नळी होती. चौथ्या दिवशी, मला घरी सोडलं तेव्हा, जाताना तिच्या खाटेपाशी गेले. नळी काढली होती. सासू चहा आणायला गेलेली. पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, माझी साडी कुठंय?"

"अंगावर होती की, हिरवी. सासूनं धुवायला..."

"ती न्हाई. पहिली. माझ्या मायीनं दिलेली."

त्या दिवशी पदर ती कशासाठी धरून बसली होती ते तेव्हा कळलं. मी बाजारात हजार वेळा खोटं बोलले आहे, रंग जाणार नाही म्हणून सांगितलं आहे. एक खोटं आणखी चाललं असतं. पण ती उद्या ती साडी शोधत गेली असती, कुणी शोधून दिलीही असती, आणि तिने ती धुऊन नेसली असती.

"ती दोन पिशव्यांत बांधून सरकारी माणसांच्या ताब्यात दिली," मी सांगितलं. "भेटायची न्हाई. मागायचीबी न्हाई. दहा पाण्यांनी धुतली तरी अंगाला लावायची न्हाई."

तिचे डोळे भरले. बाहुल्या आता चांगल्या मोठ्या होत्या.

"तुम्हाला एवढी काय घाई झाली होती?" ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होते. श्वास एकसारखा, खोल चालला होता. तो तसाच चालतोय ना, हे मी बराच वेळ बघितलं, आणि मग मालकांना म्हटलं, "चला. कंधारचा बाजार हाय."