आईला देवकाला बसायचं होतं

माझं लग्न ठरलं तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. नक्की सांगता येत नाही. आमच्या घरात जन्मतारीख लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, आणि मी दोन यत्ता करून शाळा सोडली. निपाणीच्या पलीकडं, तंबाखूच्या रानातलं आमचं गाव. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा बाप घर सोडून गेला. तंबाखूच्या गाड्या घेऊन चिकोडीकडं जायचा, तिकडंच एका कानडी बाईचं घर धरलं आणि राहिला. मेला असता तर लोक हळहळले असते. जिता बाप दुसऱ्याच्या घरात, त्या पोराला मात्र गाव हसतं. मी त्याला आप्पा म्हणायचं सोडलं. आईशी बोलतानाही ‘तुझा नवरा’ म्हणायचो. आई रोज आंघोळ करून कपाळभर कुंकू लावायची. मला त्या कुंकवाचाही राग यायचा.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसवतात. नवऱ्यामुलाच्या आईबापानं जोडीनं मारुतीला जायचं, देवकाची डहाळी आणायची आणि घरात पूजेला बसायचं. बापाच्या खांद्यावर कुऱ्हाड, आईच्या हातात सूप, दोघांच्या वस्त्राला गाठ आणि वर चौघांनी धरलेलं धोतर. बाप नसला तर चुलता-चुलती जातात. मी तेच धरून चाललो होतो. आई म्हणाली,

“मी बसनार देवकाला. तू जा नि तेंस्नी घिऊन ये.”

“त्याचं नाव काढू नगंस.”

“मी रांडमुंड न्हाय. बारा वर्सं मी काय मागिटलं तुज्याजवळ? ह्ये येक मागत्ये.”

आई कधी मागायची नाही, हे खरंच होतं. मी गेलो. दिवसभर चाललो, पण कपाळाला आठी घालूनच चाललो.

त्या घराच्या सोप्यात बाप घोंगडं पांघरून, भिंतीला टेकून बसला होता. मी अंगणातच उभा राहिलो. ती बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कानडीत म्हणाली, बसा, पाणी घ्या. मला कानडी चांगली कळायची. तरी न कळल्यासारखं केलं. त्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि त्या सोप्याला पाय लावायचा नाही, असं घरातून निघतानाच ठरवलं होतं. अंगणातूनच ओरडलो,

“माझं लगीन हाय. आईनं देवकाला बोलीवलंय. येनार का न्हाय?”

बाप म्हणाला, “मला न्हाय जमायचं.”

“उठायची बी तसदी घेतली न्हाईस,” मी म्हणालो आणि तोंड फिरवलं. ती बाई वाटेपर्यंत माझ्यामागं आली. काहीतरी सांगत होती. मी थांबलो नाही.

आईला सांगितलं, तुझा नवरा बसल्या जागचा हललासुद्धा नाही. आईनं कुऱ्हाड घासून पुसून चुलत्याच्या घरी पोचवली.

देवकाच्या दिवशी सकाळी मला हळद लागली. आम्ही सोप्यातच बसलो होतो तोवर दारात गाडी थांबली. त्या बाईचा भाऊ गाडी हाकत होता. त्यानं बापाला काखेत धरून खाली उतरवलं तेव्हा मला दिसलं, बापाचा उजवा पाय फरफटत होता आणि उजवा हात वाळल्या पानासारखा लोंबत होता. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. अंगणातून मला फक्त घोंगडं दिसलं होतं.

चुलती कुजबुजली, “ह्यो कसा कुऱ्हाड धरनार?”

“डाव्या हातानं धरीन,” बाप म्हणाला.

भावकीतला एक म्हातारा खेकसला, “डाव्या हातानं देवाचं काम? खुळा का काय रं तू?”

आई माजघरातून हिरवं लुगडं नेसून बाहेर आली होती. ती सगळ्यांसमोर बोलली, “हात माझ्या नवऱ्याचा हाय. डावा असू द्या न्हायतर उजवा.”

गाठ बांधली. वाजंत्री लागली. मी उंबऱ्यात उभा. हळद लागलेल्या नवऱ्यानं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून चुलतीनं माझा दंड धरला होता. आमच्या दारातून मारुती दिसतो, शंभर पावलंही नसेल. बाप एक पाऊल टाकायचा आणि दुसरं ओढून घ्यायचा. आई त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत होती. वाजंत्रीवाले पुढं निघून जायचे आणि पुन्हा मागं यायचे.

निम्म्या वाटेवर कुऱ्हाड खाली पडली आणि तिच्या मागोमाग बाप.

मी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. ना मास्तराचं, ना मुकादमाचं. त्या दिवशी एका बाईच्या हाताला हिसका द्यायला किती जोर लागला असता? पण मी उंबऱ्यात उभाच राहिलो. अपशकुनाला भ्यालो की अजून राग होता, हे मला आजही सांगता येत नाही.

लोकांनी धोतर तसंच वर धरलं होतं. आई बापाशेजारी रस्त्यातच बसली, गाठ तशीच. म्हातारा म्हणाला, “येळ टळतीया, चुलत्याकडं द्या.” आई हलेना. तिनं बापाला दोनदा उठवून बघितलं. त्याचा चांगला गुडघाही फुटला होता. मग तिनं स्वतःच गाठ सोडली आणि सूप चुलतीसाठी पुढं केलं. “जावा तुमी. पोराचं लगीन अडाय नगं.”

चुलतीनं माझा दंड सोडला आणि गेली. आता मला धरणारं कुणी नव्हतं. तरीही मी गेलो नाही.

बापाला उचलून आणून माझ्याजवळ बसवलं. आत चुलता-चुलती पूजेला बसले होते. आई बाहेर, त्याच्या गुडघ्याला हळद लावत होती. मी विचारलं,

“त्या दिवशी सांगायचं न्हाय व्हय, आप्पा?”

“तू बसलास कुटं?” तो म्हणाला. “बसला असतास तर सांगितलं असतं. तुज्या आईचं तेवढं ऱ्हायलं बग.”

दुसऱ्या दिवशी माझं वऱ्हाड निघायच्या वेळेलाच त्याचीही गाडी जुंपली. राहा म्हणावं असं फार वाटलं. पण राहा म्हणायचं ते कुणाच्या जिवावर? बारा वर्षं आईनं रेटलेल्या घरात त्याला ठेवायचं का, हे तिनं ठरवायचं होतं, आणि ती त्याच्या पायाखाली पेंढा सारखा करत होती. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात कट्यार, मला गाडीतून उतरता येईना. आई दोन्ही गाड्यांच्या मधे उभी होती. वाजंत्री सुरू झाली आणि आमचे बैल आधी चालायला लागले.