कावळ्यापुढं दिलेला शब्द

आईला डाव्या कुशीवर वळवलंय, पाठीमागं उशी लावलीय आणि तिच्या पलंगाच्या पायथ्याशी चटई टाकून मी पडलेय. दुपार उन्हानं जड झालीय. पंखा फिरता फिरता कण्हतो, आईचा श्वासही तसाच, आणि त्यातला कुणाचा आवाज कुठला ते हळूहळू कळेनासं होतंय. कानात अजून विलासचं फोनवरचं बोलणं आहे. विलास माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो.

"ताई, पाटल्या सोडून काय ते बोल."

"पाटल्या सोडून आपल्याकडं आहे काय?"

"शब्द दिलाय आपण. कावळ्यापुढं. आख्खी भावकी होती घाटावर."

तिथंच मी फोन ठेवला. आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तिची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्यात. सांभाळायला कमल नावाची बाई ठेवली होती, हाताला फार मऊ. पैसे पुरेनात, तशी ती गेली. मग माझं घर, माझं शिवणकाम सासरी टाकून मी इथं आले, एक मशीन तेवढं बरोबर आणलं. आता आईच्या पाठीला जखम पडलीय. डॉक्टर म्हणतात, हवेची गादी घ्या, उचलून वळवायला दुसरं माणूस ठेवा. आणि समोर भिंतीतल्या देवळीत लाल फडक्यात बांधून आईच्या सोन्याच्या पाटल्या पडून आहेत, तिच्या मरणाची वाट बघत.

हे कसं झालं, तर नाना, आमचे वडील, गेले तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं तशी माणसं काहीबाही बोलायला लागली. म्हैस विकणार नाही म्हणा. बांधाचं भांडण मिटवू म्हणा. शेवटी बापूकाका, नानांचे भाऊ, पुढं झाले. "आमच्या आईच्या दिवसाला गावाला जेवण घालाय जमलं न्हाई, त्यात जीव अडकलाय त्याचा. वहिनीचे दिवस गावजेवणानं करू म्हणा. तिच्या पाटल्या तेवढ्यासाठीच राखू." विलासनं हात जोडून म्हटलं, मीही म्हटलं, आणि कावळा आला. काकांनी त्याच दिवशी पाटल्या फडक्यात घातल्या आणि सगळ्यांदेखत गाठ मारली.

पंखा कण्हतो. मशीनच्या स्टुलावर नाना बसलेत.

खांद्यावर कापडाचा गठ्ठा आहे. वडूज, म्हसवड, दहिवडी, प्रत्येक बाजाराला ते असाच घेऊन जायचे. बोटं जाड, म्हणून गठ्ठ्याची गाठ नेहमी दातानं सोडायचे.

"पंख्याला तेल घाल की शालन."

"घालते. नाना, पाटल्या मोडू का?"

"काय भाव चाललाय सोन्याचा?"

"चढलाय. मी विचारतेय ते सांगा ना."

"त्या म्हसवडच्या सोनारानं वजनात मारली होती. तुझ्या आईला बोललो न्हाई कधी."

जिवंत असतानाही असंच. विचारावं एक, हे बोलणार दुसरं. मी उठून त्यांच्याकडं जाते तर पायाखाली फरशी नाही, घाटाची पायरी आहे, ओली आणि गार. पायरीवरून पत्रावळी मांडल्यात. पंगत लांबच लांब गेलीय, नदी ओलांडून पलीकडच्या उसापर्यंत. बुंदी वाढतायत. सगळं गाव जेवतंय, मान वर करत नाही. पंगतीच्या शेवटी आई बसलीय, पाठ ताठ करून, मांडी घालून, आणि तिचं पान कोरं आहे.

"काका, आईला वाढा."

बापूकाका बुंदीची बादली दुसऱ्या हातात घेतात. "तिला कसं वाढायचं? तिच्याच नावाचं जेवण हाय हे. ती गेल्याबिगार तिला चालत न्हाई."

"ती भुकेली आहे."

"असंल. पण रीत हाय."

आणि मग आई, जिच्या तोंडून कधीपासून शब्द फुटला नाही ती आई, पानावरून हात फिरवत, जात्यावर बसल्यासारखी गाते:

मेलेल्या जीवाला, पंगत गं गावाची
जित्या जीवाची गं बाई, रात कुणाच्या नावाची

कुणाच्या कानावर ते जात नाही. मी नानांना दंडाला धरून ओढते. दंड गठ्ठ्यातल्या कोऱ्या कापडासारखा लागतो.

"बघा, तुम्ही मागितलंत त्याचं काय झालं ते."

"मी? मी कशाला मागू?"

"मग कावळा का शिवत नव्हता?"

"बापूचं कुत्रं बसलं हुतं की पायरीवर. ते उठलं, कावळा आला."

मला हसावं की रडावं कळत नाही. कुत्र्यासाठी आईची पाठ सडतेय.

"म्हणजे तुम्हांला काहीच नको होतं?"

नाना पंगतीच्या टोकाकडं बघतात. "हवं हुतं. म्हशीचं बोलला, बांधाचं बोलला. ह्या बाईला कोण बघणार, एवढं एकाच्या तोंडातनं निघालं न्हाई. मी वाट बघत बसलो."

"आणि तुम्ही? तुम्ही होतात तेव्हा तुमच्या तरी तोंडातनं निघालं का? तिच्या मरणाला सोनं राखायचं सगळ्यांना सुचलं. मधल्या वर्षांना काय राखलंत?"

ते गठ्ठा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात. "मला वाटलं, बाईमाणसाचं म्हातारपण आपोआप होतं. चुलीवर भात होतो तसं."

"भात आपोआप होत नाही, नाना."

"व्हय."

"कुणीतरी चुलीपाशी बसलेलं असतं."

"व्हय. तू बसलीस."

"मी कंटाळलेय नाना. तिला उचलताना माझ्या तोंडून वाकडं येतं. तिला ते कळतं."

नाना निदान डोक्यावरून हात तरी फिरवतील म्हणून मी थांबते, पण त्यांना ते कधी जमलं नाही. ते नुसता तळहात पुढं करतात, बाजारात गिऱ्हाइकाकडून पैसे मागायचे तसा. माझ्या हातात लाल फडकं आहे, कधी आलं कुणास ठाऊक. मी ते देते.

"बापूची गाठ. लेकाचा पहिल्यापासनं घट्टच मारतो," असं म्हणून ते मान कलती करतात, गाठ दाढेखाली धरतात आणि ओढतात. घाट नाही आता. स्टूल आहे, मशीन आहे, पंखा आहे. गाठ हलते, सुटत नाही. पंखा कण्हतो, नाना ओढतात, पंखा कण्हतो.

कण्हतेय ती आई. मी दचकून उठते. वळवायची वेळ टळून गेलीय. तिला दोन्ही हातांनी उचलून कूस बदलते, जखमेला वारा लागू देते, वाटीनं पाणी पाजते. तिच्या तोंडात एकही दात उरलेला नाही; पाणी ओघळतं ते हनुवटीवरच पुसावं लागतं.

मग देवळीपाशी जाते. लाल फडकं जागच्या जागी आहे. पाटल्या आत आहेत. गाठ तशीच, पण ओली. हाताला ओली लागते, आणि तिच्या पिळात कापड एका बाजूनं चावून चुरगळलेलं आहे. घरात तिसरं कुणी नाही.

मी विलासला फोन लावते.

"आता काय ताई?"

"नानांच्या दहाव्याला बापूकाकांचं कुत्रं आलं होतं का रे घाटावर?"



"होतं. पिवळं. पायरीवर बसलं होतं बराच वेळ. का गं?"

मला उत्तर देता येत नाही. गाठ माझ्या दातांत आहे.