मी कापलेलं एक मिनिट

भास्करदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला एका हळदीचं शूटिंग करत होतो. खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, बरं झालं, वेळेत सांगून टाकलं... याची लाज वाटायला हवी होती. पाच आठवडे झाले, अजून वाटलेली नाही.

दादा आसनगावचा. कल्याणच्या एका छापखान्यात त्याची उभी हयात गेली. निवडणुका आल्या की शहापूर-मुरबाडच्या उमेदवारांची पत्रकं तिथेच छापून निघत आणि दादा प्रत्येकाची एक प्रत पिशवीत घालून घरी आणी. "लोकं इसरतात रे, कागद नाय इसरत," म्हणे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने गावच्या केबलवर पुढाऱ्यांच्या मुलाखती सुरू केल्या. पद्धत एकच. पाहुण्यापुढे त्याचंच जुनं पत्रक ठेवायचं आणि विचारायचं, "ह्यो कागद तुमचाच ना?" कॅमेरा माझा, कारण लग्नांचं शूटिंग करणारा पंचक्रोशीत मी एकटाच. पहिल्याच भागात मी सवयीने एका माजी सभापतींचा चेहरा गुलाबाच्या पाकळ्यांतून उमलवला आणि मागे सनई लावली. दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. सभापती मात्र कॅसेटची कॉपी मागायला आले!

चार भागांनंतर केबलवाल्याला कुणाचा तरी फोन आला आणि कार्यक्रम बंद पडला. पत्रकं माळ्यावर गेली ती थेट शहापुरात ब्रॉडबँड येईपर्यंत. तोवर दादा निवृत्त झाला होता. एक दिवस म्हणाला, "दिन्या, त्या केबलवाल्याच्या पाया कशाला पडायचा? आपन इंटरनेटवर टाकू." त्याच्या घराच्या ओटीवर दोन खुर्च्या, मागे चादर, एवढाच आमचा स्टुडिओ. सायबर कॅफेत एक भाग चढवायला अख्खी दुपार जाई, आणि शेवटाला वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला बघणारे तिघंच: दादा, मी आणि कॅफेवाला. मग आखातात नोकरीला गेलेल्या टोकावड्याच्या एकाने लिहिलं, आमच्या खोलीतले सगळे बघतो. पुढे भाग मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून गावोगाव फिरू लागले, आणि एका बड्या उमेदवाराच्या माणसाने आपणहून विचारलं, "साहेबांना कधी बोलावताय?" दादाने मिशीतल्या मिशीत हसून त्यांना पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

पाहुण्याला आणि बघणाऱ्यांना त्याचा एक शब्द असे: काही जोडणार नाही, काही कापणार नाही. तो शब्द मी मोडला.

माझा मावसभाऊ अनंता जिल्हा परिषदेवर निवडून आलेला. दादाने त्याचं पत्रक पुढे ठेवलं. उंबरमाळीकडच्या एका पाड्यावर नळ आणण्याचं वचन त्यात होतं. "पानी आला का?" अनंताने पत्रकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. दादा घाई करत नसे, तो नुसता थांबला. पुरतं एक मिनिट अनंता गप्प... मग म्हणाला, "प्रयत्न चालू हायेत." लग्नाच्या शूटिंगमधले रुसवेफुगवे कापून टाकायचे, हा आमच्या धंद्याचा धर्म. त्यात मावशीचा चेहरा डोळ्यांपुढे आलेला. मी ते मिनिट कापलं. प्रश्नाला लगेच उत्तर चिकटलं आणि अनंता कसा हुशार दिसू लागला! दादाला सांगितलं, तेवढी टेप खराब निघाली. त्याने मुकाट्याने मानलं. लोक म्हणत, दिन्याचा भाऊ म्हणून अनंताला सोडलात, आणि दादा माझ्या बाजूने त्यांच्याशी भांडे. ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षं अशी काढली. मग दादाने अंथरूण धरलं, डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी मी त्याच्या खाटेशी बसून सगळं ओकून टाकलं. त्याने भिंतीकडे तोंड वळवलं.

"त्याचा गप बसना, त्योच त्याचा उत्तर व्हता. तू त्याचा उत्तर कापलास, दिन्या. जा आता."

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचा, शालूवहिनींचा फोन आला. "ह्ये इचारतात, ती टेप ठेवलीस का?"

ठेवली होती. का ठेवली ते मलाही सांगता येणार नाही. आधी अनंताकडे गेलो. तो अंगावर येईल या तयारीनेच गेलो होतो, पण तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "टाक रे. त्या पाड्यावरून जाताना मी गाडीची काच वर करतो... किती दिवस करू?" आम्ही अख्खा भाग पुन्हा चढवला. कॅफेवाल्याने स्वतःचा लॅपटॉप दिला, तो दादाच्या खाटेवर ठेवला. दादाने ते मिनिट पापणी न हलवता पाहिलं. मग माझा हात धरला. "आता बरा वाटला," म्हणाला. मी पोरासारखा रडलो. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. नऊ दिवसांनी दादा गेला.

गेल्या रविवारी वहिनींनी ओटी सारवली आणि मला दादाच्या खुर्चीत बसवलं. कॅमेरा स्टँडवर लावून मी समोरच्या उमेदवारापुढे त्याचं जुनं पत्रक ठेवलं, प्रश्न विचारला. तो गप्प झाला. त्याच्या कपाळावर घाम आला. माझी जीभ वळवळू लागली, एखादा शब्द सुचवावा, बिचाऱ्याची सुटका करावी... चादरीमागे कोंबडी ओरडत होती. मी थांबलो.